ओवी फुकट द्या, पण निनावी देऊ नका

मंडळी, या सदरात आपण बियाणे, बँक आणि बाजार यांच्याच गोष्टी जास्त करतो. आज जरा माजघरात डोकावू. गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी कानावर आला आहे. आजीच्या ओव्या नातवाने मोबाईलवर भरून घेतल्या. आता त्या इंटरनेटवर टाकाव्या का? टाकल्या तर पैसे मागावे की फुकट द्याव्या? आणि फुकट दिल्या तर कोणी उचलून आपल्या नावावर खपवल्या, तर काय करायचे? शेवगावकडच्या एका बाईंनी तर सरळच विचारले, "आमच्या सासूबाई म्हणतात, ओवी ही काय विकायची चीज आहे? आणि मुलगा म्हणतो, फुकट दिलेल्याला किंमत राहत नाही. खरे कोणाचे?"

माझे मत आधीच सांगून टाकतो. सासूबाईंचे खरे आहे, पण पुरते नाही.

आपला जिल्हा, २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच, ओवीचे जुने अंगण आहे. ज्ञानदेवांनी गीतेवरची टीका सांगितली ती नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. ज्याला टेकून ती सांगितली असे आपण मानतो तो पैस खांब आजही तिथे उभा आहे. नऊ हजार ओव्यांचा एवढा थोरला ग्रंथ, पण छंद निवडला तो ओवीचा. हे नाव त्याच्याही आधी बायकांच्या तोंडी होते. चालुक्य राजा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास लिहिलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांची बांधणी एक नव्हे, हे खरे. पण घराणे एकच.

ज्ञानेश्वरी कोणी विकली नाही. ज्याला हवी त्याने ती उतरून घेतली. आता उतरून घेणारा प्रत्येक जण काही नुसता लेखनिक नसतो. एखाद्याला स्वतःची ओवी सुचते आणि तो ती हळूच मध्ये घुसडतो. असे होता होता तीनशे वर्षांत पाठ बिघडला. मग गोदावरीच्या पलीकडे पैठणला नाथ महाराजांनी १५८४ साली, शके १५०६ मध्ये, पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवले की यात कोणी आपली ओवी घालील, तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखे होईल. म्हणजे पाहा, ग्रंथ वाटण्याला नाथांची ना नव्हती. वाटा, म्हणा, पाठ करा. पण ज्याचे आहे त्याचेच राहू द्या.

आपल्या संतांनी आणि शाहिरांनी यासाठी आणखी एक सोपी तोड काढली होती, ती म्हणजे नाममुद्रा. अभंगाच्या शेवटच्या चरणात तुकोबांचे, नामदेवांचे, जनाबाईंचे नाव येते. संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९) यांच्या फटक्याच्या शेवटीही फंदींचे नाव असते. अभंग दारोदार फिरला, एकतारीवर गेला, फडावर गेला, त्याचे कोणी पैसे दिले नाहीत. पण नाव काही पुसले गेले नाही, कारण ते गाण्यातच विणलेले होते.

जात्यावरच्या बाईने मात्र हे केले नाही. तिच्या ओवीत भावाचे नाव येते, लेकाचे येते, माहेरच्या गावाचे आणि पंढरीच्या विठ्ठलाचे येते. तिचे स्वतःचे सहसा येत नाही. त्यामुळे ओव्या छापल्या गेल्या तेव्हाही त्या बहुतेक निनावीच छापल्या गेल्या. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' मध्ये ओव्यांचा मोठा साठा दिला. डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीच्या अध्यक्षा म्हणून १९६१ पासून पुस्तकामागून पुस्तक काढले. या कामाचे मोल मोठे आहे, आणि त्याने पुष्कळ वाचले. पण पुस्तकात शब्द राहतात. चाल राहत नाही, आणि जात्याची घरघर तर नाहीच नाही.

मग गावोगाव गिरणी आली. त्याबद्दल मी रडगाणे गाणार नाही. पहाटे तीनला उठून पायली पायली दळणाऱ्या बाईला विचारा, गिरणीचा पट्टा फिरू लागला तेव्हा तिला दुःख झाले की हायसे वाटले. ज्यांना दळावे लागले नाही तेच जात्याच्या आठवणीने जास्त हळवे होतात. पण दळणे गेले आणि त्याबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. आता जाते उतरते ते लग्नात हळदीपुरते.

हे निमित्त जाणार, हे ज्यांना वेळेवर दिसले त्यांत पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां हे दोघे होते. पॉइटवां जन्माने फ्रेंच, पण १९७० नंतर इकडे आले आणि इथलेच नागरिक झाले. मुळशी, मावळच्या डोंगरांत गरीब डोंगरी संघटनेचे काम चालले होते. त्या कामात वावरताना त्यांच्या ध्यानात आले की बाया सभेत बोलत नाहीत ते ओवीत बोलतात. तिथून ओव्या गोळा होऊ लागल्या. गोळा करणाऱ्यांत गावच्या बायाच पुढे होत्या, म्हणून समोरची बाई मोकळी झाली. वीसएक वर्षांत एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या, हजारावर गावांतून, आणि त्या गाणाऱ्या तीन हजारांहून अधिक. १९९०च्या दशकात बर्नार बेल नावाचे फ्रेंच संशोधक त्यांना मिळाले आणि शंभर तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. पॉइटवां २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. त्यांच्या मागे एवढा साठा एखाद्या कपाटात धूळ खात पडला असता. तसे झाले नाही. पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ साली 'पारी', म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', हे ग्रामीण भारताचे भांडार इंटरनेटवर उभे केले आणि मार्च २०१७ पासून या ओव्या तिथे येऊ लागल्या. मोबाईलवर 'पारी' आणि 'जात्यावरच्या ओव्या' एवढे शोधा आणि ऐका. एक पैसा पडत नाही.

ऐकाल तेव्हा एक गोष्ट नीट पाहा. ओवीबरोबर तिथे गाणारीचे नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनी सीतेच्या वनवासाच्या ओव्या १९९६ साली गायल्या. त्या आवाजाबद्दल मी काही लिहीत नाही, ऐकाल तेव्हा कळेल. माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांनी त्याच साली बाबासाहेबांच्या ओव्या गायल्या होत्या. वीस-एकवीस वर्षांनी, २०१७ साली, 'पारी'ची माणसे पुन्हा माजलगावला गेली आणि राधाबाईंना भेटली. हे कशामुळे जमले? वहीत नाव आणि पत्ता होता म्हणून. नुसतेच 'एक ग्रामीण महिला, मराठवाडा' असे लिहिले असते, तर कोणत्या दारात जाऊन विचारणार होते?

अशीच एक गोष्ट सातासमुद्रापलीकडची. अमेरिकेत अॅलन लोमॅक्स नावाचे एक गृहस्थ गावोगाव, तुरुंगातुरुंगात जाऊन लोकांची गाणी भरून घेत. १९५९ साली मिसिसिपी राज्यातल्या तुरुंगात कैदी लाकडे फोडत होते आणि घावाच्या तालावर गात होते. म्हणायला गेले तर तेही त्यांचे जातेच. पुढे म्हणणाऱ्याचे नाव होते जेम्स कार्टर. लोमॅक्सनी ते लिहून ठेवले. चाळीस वर्षे गेली. २००० साली ते गाणे एका सिनेमात घेतले गेले आणि त्या सिनेमाची तबकडी लाखोंनी खपली. तेव्हा लोमॅक्स यांच्या मुलीने आणि त्यांच्या लोकांनी कार्टर यांचा शोध घेतला. म्हातारा शिकागोत सापडला, पंचाहत्तरी ओलांडलेला. आपण ते गाणे गायलो होतो हेसुद्धा त्याला आठवत नव्हते. त्याच्या हातात २००२ साली वीस हजार डॉलरचा चेक पडला. पुढच्याच वर्षी तो वारला. लोमॅक्सनी ते नाव टिपून ठेवले नसते, तर तो चेक कोणाच्याच दारात गेला नसता.

आता कायद्याकडे येऊ. जरा कंटाळवाणे आहे, पण शेतकऱ्याने सातबारा वाचायला शिकावे तसे हेही वाचायला शिकावे. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या ओवीचा एक कोणी कर्ता सांगता येत नाही, म्हणून तिच्या शब्दांवर कोणाची मालकी नाही, ती गायरानासारखी. पण ती जी बाई गाते तिच्या गाण्यावर तिचा हक्क आहे. १९९४ च्या दुरुस्तीने हा हक्क पक्का केला आणि तो पन्नास वर्षे राहतो. कायद्याने 'कलाकार' कोणाला म्हटले आहे ते वाचून गंमत वाटते: गायक-वादक तर आहेतच, पण कसरती करणारे, जादूगार आणि गारुडीसुद्धा आहेत. तेव्हा आपली आजी त्यात बसते, याची शंका नको. तिच्या संमतीवाचून तिचे गाणे भरून घेऊन बाजारात नेता येत नाही. स्वतःपुरते ऐकायला, किंवा प्रामाणिक शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी भरून घेतले तर कायदा आड येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक फार चांगली गोष्ट आली. हे गाणे माझे आहे, माझे नाव लावा, आणि माझी बदनामी होईल अशी त्याची मोडतोड करू नका, असे म्हणण्याचा हक्क गाणाऱ्याला मिळाला. नाथांनी जे नरोटीच्या दृष्टांताने सांगितले ते कायद्याला कलमात सांगावे लागले, एवढाच फरक.

यात एक खाच आहे, ती ध्यानात घ्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क गाणारीचा नसतो. ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते केले त्याचा असतो, आणि तो प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे ज्याच्या हातात यंत्र त्याची ध्वनिफीत. तुमच्या नातवाने भरून घेतले तर घरात राहिले. शहरातून कोणी कॅमेरा घेऊन आला, चहा प्याला, फोटो काढला आणि गाणे घेऊन गेला, तर ते मुद्रण त्याचे झाले. असे पुष्कळदा घडते. एका गावच्या भजनी मंडळाचे अभंग असेच कोणी भरून नेले. पुढे ते ढोलकी-की-बोर्ड लावून इंटरनेटवर दिसले, आणि मंडळाचे नाव कुठेच नव्हते. लोकांना राग पैशाचा आला नव्हता. बुवा म्हणाले, "आमचे नाव तरी लावायचे की."

मुलगा म्हणतो फुकटाला किंमत नसते. त्याला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे दाखवा. त्यांनी गावरान वाल, भात, भाज्या यांचे बी राखले, दुसऱ्यांना दिले, आणि देशाने २०२० साली त्यांचा पद्मश्रीने गौरव केला. बी वाटल्याने संपत नाही, वाढते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या वाणाची नोंद त्याच्या नावाने करण्याची सोय झाली, आणि बी राखण्याची, देण्याघेण्याचीही मोकळीक राहिली. वाण मोकळा, नोंद नावाची. ओवीचे याहून वेगळे काय करायचे आहे?

शिवाय पैशाचा हिशेब एकदा करूनच पाहा. यूट्यूबच्या आजच्या नियमांप्रमाणे जाहिरातीचा वाटा मिळू लागण्यासाठी तुमच्या वाहिनीला हजार वर्गणीदार लागतात आणि वर्षभरात चार हजार तास लोकांनी पाहिलेले लागते. नाहीतर छोट्या चित्रफिती नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिलेल्या लागतात. आजीच्या बारा ओव्यांवर हे व्हायचे नाही. जे मिळणारच नाही त्यासाठी दार लावून बसण्यात हशील नाही.

पण हे मी हौसेने, वारशाने गाणाऱ्यांबद्दल बोलतो आहे. ज्याची चूल गाण्यावर पेटते त्याला 'फुकट टाक की' असे म्हणू नये. गोंधळी, वाघ्या-मुरळी, तमाशाचा फड, यांचे ते पोट आहे. संगमनेरच्या कांताबाई सातारकर २०२१ साली गेल्या. उभे आयुष्य त्यांनी फडावर काढले. २०२०च्या टाळेबंदीत जत्रा बंद झाल्या तेव्हा अशा फडांवर काय वेळ आली ते आपण पाहिले आहे. त्यांनी एखादे गाणे मोकळे सोडले तर त्यातून सुपारी मिळू शकते, पण किती सोडायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्या. आपण जत्रेत पुढे बसून सगळा वग मोबाईलवर भरतो आणि रात्रीच टाकतो, त्याला मी चोरीच म्हणतो. कोणाला राग आला तर येवो.

आता सर्वांत नाजूक भाग. ओवी ही बाईने जात्याला सांगितलेली गोष्ट आहे. त्या वेळी घर निजलेले असे. सासूचा जाच, नवऱ्याचे हात उगारणे, माहेरून कोणी न्यायला न आल्याचे दुःख, मेलेले मूल, सवत, हे सगळे तिने तिथे ठेवले. त्यातल्या काही ओव्या पिढीजात आहेत, काही तिच्या स्वतःच्या आहेत. आणि त्यांत खरी माणसे आहेत, कदाचित तुमच्याच घरातली. आजी नातवासमोर गाते ती लाडाने गाते. ते गाणे उद्या सोयऱ्याच्या मोबाईलवर वाजणार आहे, हे तिच्या मनातही नसते. म्हणून तिला नीट समजावून सांगा, "आजी, हे सगळ्या जगाला ऐकू येईल, एकदा गेले की परत आणता येणार नाही. यातले कोणते जाऊ द्यायचे?" ती चार ओव्या बाजूला काढील. का काढल्या ते विचारू नका. त्या घरात ठेवा, किंवा तिची इच्छा असेल तर पुसून टाका. आणि ती म्हणाली, सगळ्याच जाऊ द्या, आता कळू दे लोकांना, तर मधल्या पिढीने तिचे तोंड धरू नये. वरच्या सासूबाईंची ओवी विकायची चीज नाही, हे म्हणणे मला मान्य आहे. पण ती वाटायची चीज आहे की नाही हे ठरवण्याचा मान गाणारीचा.

तिने हो म्हटले की मग काम सोपे आहे. दुपारची निवांत वेळ पाहा. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. मोबाईल हातात धरू नका; घडी घातलेल्या गोधडीवर, तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. जाते असेल आणि तिला झेपत असेल तर मूठभर दाणे घालून फिरवू द्या; हात फिरला की विसरलेल्या ओव्या आपोआप वर येतात, असा अनुभव आहे. सुरुवातीला तिच्याच तोंडून नाव, सासरचे गाव, माहेरचे गाव, तालुका आणि तारीख येऊ द्या. माहेरचे गाव विसरू नका, कारण ओवी बहुधा तिथून आलेली असते, आईकडून किंवा मावशीकडून. त्यांचीही नावे घ्या. हीच तिची नाममुद्रा. मध्ये खोकला आला, कोंबडा आरवला, तर कापू नका. वर सूर-ताल चढवू नका.

टाकताना खाली मराठीत साफ लिहा की हे गाणे कोणीही फुकट ऐकावे, द्यावे, नाव लावावे, धंदा करू नये, बदल करू नये. अमेरिकेत २००१ साली सुरू झालेल्या 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या संस्थेने अशा अटींचे तयार परवाने केले आहेत, जगभर चालतात, आणि त्यांना दाम पडत नाही. नातवाला सांगा, तो शोधून लावील. मूळ मुद्रणाची एक प्रत घरात वेगळ्या पेटीत आणि एक लेकीकडे असू द्या. यूट्यूबकडे २००७ पासून गाणी जुळवून पाहणारे यंत्र आहे. तुमचेच गाणे दुसऱ्या कोणी आपले म्हणून नोंदवले तर ते यंत्र उलटे तुमच्यावर बोट दाखवू शकते. अशा वेळी हरकत घेता येते, आणि समोरच्याला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तेव्हा तारखेची मूळ प्रत उपयोगी पडते, खरेदीखतासारखी. मोबाईल मात्र भरवशाचा नाही. विहिरीच्या काठावर वाकताना किती गेले, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

लग्नसराईत घरोघर हळदीसाठी जाते माळ्यावरून खाली येते. पुसून, हळदकुंकू लावून त्याला सुपारी बांधली जाते आणि म्हाताऱ्या बाया भोवती बसतात. त्या वेळी नवरदेवाचा कॅमेरावाला अंगणात असतो. त्याला घटकाभर आत बोलवा, आणि ज्या बाया म्हणताहेत त्यांची नावे वहीत उतरून घ्या.

पुढच्या आठवड्यात कांदा चाळीबद्दल. बऱ्याच जणांनी विचारले आहे.